आईला विचारून सांगते

मराठी माणसाला 'वारसा' या शब्दाचं भारी कौतुक. प्रत्यक्षात वारशानं त्याच्या पदरात पडतं काय, तर एक गळका तांब्याचा बंब, चुलत्यांशी चाललेला दिवाणी दावा आणि पस्तिशीत पडणारं टक्कल. तरीही शब्द उच्चारताना छाती दोन इंच पुढं येते. त्यामुळं संगणकाच्या तासाला 'इन्हेरिटन्स' आलं आणि शिकवणाऱ्यानं फळ्यावर त्याच्यापुढं 'वारसा' असं लिहिलं, की आपला विद्यार्थी निर्धास्त होतो. कळलं! बापाचं ते पोराला मिळालं. चला, पान उलटा.

माझं भांडण याच पानाशी आहे.

जावा, सी प्लस प्लस वगैरे भाषांना हा शब्द शोभतो की नाही ते त्यांचं त्या बघून घेतील. मी बोलतोय जावास्क्रिप्टबद्दल. (नावात जावा असलं तरी हिचं जावाशी नातं आंब्याचं अंबाडीशी असतं तेवढंच.) तुम्ही विजेचं बिल भरा, रेल्वेचं तिकीट काढा नाहीतर मुलीसाठी स्थळं बघा, ब्राउझरच्या पडद्याआड राबणारी बाई तीच. गेली वीस-बावीस वर्षं माझं घर तिच्यावर चाललेलं आहे, तेव्हा मी कृतघ्नपणानं बोलत नाही. उलट तिची बाजू घेऊनच बोलतो आहे. कारण या भाषेत वारसा नावाची गोष्टच नाही. १९९५ साली नव्हती, २०१५ साली 'क्लास' हा शब्द वाजतगाजत आणून बसवला तेव्हाही नव्हती, आणि आजही नाही. तिच्यात आहे ती निव्वळ विचारपूस. विचारपुशीला वारसा म्हणणं म्हणजे शेजारून रोज वाटीभर साखर आणायची आणि इन्कमटॅक्सच्या कागदात साखर कारखाना दाखवायचा!

आधी क्लास म्हणजे काय ते सांगतो. पेणला गणपतीचे कारखाने पाहिले असतील. एक साचा असतो, त्यातून मूर्ती निघतात. मूर्ती बाहेर आली की तिचा साच्याशी व्यवहार संपला. उद्या साचा फुटला, कारागिरानं नव्या साच्यात सोंड उजवीकडं वळवली, तरी तुमच्या घरातल्या गणपतीची सोंड आहे तिथंच राहणार. इतर बऱ्याच भाषांतला 'क्लास' ढोबळमानानं असाच. एकदा ठरला की ठरला.

जावास्क्रिप्टमध्ये साचा नाही. तिथं तीन सासुरवाशिणी आहेत आणि एक आई आहे.

तिघी लेकी तीन गावी दिल्या आहेत. ठाणे, नाशिक, कोल्हापूर. प्रत्येकीजवळ स्वतःची एक वही. दिवाळी आली, अनारसे करायचे. ठाणेकरीण आपली वही उघडते. अनारसे वहीत असले तर ठीक. नसले तर ती वेळ न दवडता आईला फोन लावते. आईला ठाऊक असलं तर आई सांगते. नसलं तर आई आजीला विचारते. आजीच्याही पलीकडं फोन लावू म्हटलं तर तिकडं उचलायला कुणीच नाही. या 'कुणीच नाही'ला भाषेत 'नल' म्हणतात, आणि तिथवर जाऊन रित्या हातानं परत आलेल्या लेकीला जे उत्तर मिळतं त्याला 'अनडिफाइन्ड' म्हणतात. म्हणजे, 'मला नाही बाई ठाऊक.' यातली आई म्हणजे प्रोटोटाइप. झालं! एवढंच आहे. ज्या विषयावर जाडजूड पुस्तकं निघाली आणि ज्याच्या नावानं नोकऱ्या गेल्या, तो विषय एवढाच आहे.

यात मिळालं कुणाला काय? काही नाही. अनारसे आईकडंच राहिले. ठाणेकरणीनं ते वहीत उतरवूनही घेतले नाहीत, पुढच्या दिवाळीला पुन्हा फोन. आणि मधल्या काळात वडिलांना साखर निघाली म्हणून आईनं पिठीसाखर सोडून गूळ घालायला सुरुवात केली असेल, तर त्या दिवसापासून ठाणे, नाशिक आणि कोल्हापूर या तिन्ही ठिकाणी अनारसे गुळाचे होतात. जावयांना विचारतो कोण? ज्या लेकीला साखरेचेच हवेत तिनं ते स्वतःच्या वहीत लिहावेत. मग आईला फोन जाणारच नाही. वाचताना वर जायचं, लिहिताना आपल्याच वहीत लिहायचं. आणि यातली सगळ्यात गोड गोष्ट अशी, की आई जेव्हा सांगते 'पिठात एक केळं घाल,' तेव्हा ते पीठ आईच्या पातेल्यातलं नसतं, विचारणारीच्या पातेल्यातलं असतं. 'धिस' या शब्दावरून मोठमोठे इंजिनिअर घामाघूम होतात; त्याचा अर्थ 'जिनं फोन केला तिचं पातेलं' एवढाच.

आता मला सांगा, वारसा असा असतो का? वारशाला आधी कुणीतरी जावं लागतं. इथं सगळी मंडळी हयात आहेत आणि फोनवर आहेत.

मग हे खोटं नाव पडलं कसं? ती हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९९५ च्या मे महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या तरुणानं ही भाषा दहा दिवसांत उभी केली. दहा दिवस! आपल्याकडं दहा दिवसांत गणपती येऊन जातात. आइकना ओढा होता 'स्कीम' नावाच्या भाषेचा, आणि 'सेल्फ' नावाच्या दुसऱ्या एका भाषेतली प्रोटोटाइपची कल्पना त्यांनी उचलली. 'सेल्फ' ही डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ या दोघांनी १९८६ च्या सुमारास झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत मांडलेली भाषा. तिचा बाणाच असा, की साचे नकोत, वस्तू असाव्यात आणि वस्तूंनी एकमेकींना विचारावं. स्वच्छ कारभार. पण त्या वर्षी बाजारात 'जावा'ची हवा होती. वरून हुकूम आला, भाषा दिसायला जावासारखी हवी. झालं! विचारपुशीवर चालणाऱ्या या साध्यासुध्या पोरीला जावाचं लुगडं नेसवलं. तिच्या तोंडी 'न्यू' घातला, पदरी 'कन्स्ट्रक्टर' बांधला आणि डिसेंबरात नावही जावास्क्रिप्ट ठेवून मोकळे झाले. त्याआधी ती 'मोका' होती, मग काही महिने 'लाइव्हस्क्रिप्ट' होती. लग्नात मुलीचं नाव बदलतात, हिचं साखरपुड्यातच दोनदा बदललं.

या कन्स्ट्रक्टरनं पुढं जो गोंधळ घातला त्याला तोड नाही. नवं ऑब्जेक्ट जन्माला आलं की त्याचं नाव, पत्ता, शिल्लक वगैरे पहिल्या नोंदी करणारं फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर. आपल्या भाषेत, बारशाची आत्या. 'न्यू' म्हटलं की पाळण्यात बाळ येतं, त्याच्या हातात आईचा फोन नंबर दिला जातो आणि आत्या 'कुर्रर्र' करून नाव ठेवते. पण लिहिणारा 'न्यू' विसरला तर? तर बाळ नाही, पाळणा नाही, आणि आत्या मात्र कुर्रर्र करते! ते नाव मग जाऊन बसतं अख्ख्या आळीला. ज्याला 'विंडो' म्हणतात त्या सामायिक जागेवर. त्याच आळीतला दुसराही विसरला की त्याच्या बाळाचं नाव पहिल्याच्या नावावर. यावर उपाय काय काढला होता, तर कन्स्ट्रक्टरच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं, म्हणजे लोकांना 'न्यू'ची आठवण राहील. देवनागरीत मोठं अक्षरच नसल्यामुळं आपल्या पूर्वजांना ही युक्ती सुचली नसती, हे त्यांचं भाग्य.

आणि आता मुख्य पेच. आई लाभली म्हणून आत्या लाभत नाही. आईला फोन लावायची सोय झाली, तरी आईच्या घरची आत्या तुमच्या बारशाला आपण होऊन येत नाही. तिला वेगळं आमंत्रण करावं लागतं, 'माझ्या या बाळाच्या पहिल्या नोंदी तुम्ही करा' म्हणून. त्याला 'कॉल' म्हणतात. हे न सांगता पुस्तकांनी शिकवलं काय? खुद्द नेटस्केपच्या मार्गदर्शिकेत एम्प्लॉयी आणि मॅनेजर यांचं उदाहरण होतं. मॅनेजर लोकांना आई पाहिजे, म्हणून आधी एक एम्प्लॉयी जन्माला घालायचा, आणि तोच समस्त मॅनेजरांची आई म्हणून बसवायचा. म्हणजे ज्याला नाव नाही, खातं नाही, पगार नाही, असा एक जीव केवळ इतरांनी फोन करावा म्हणून घरात आणून ठेवायचा. त्याच्या बारशाला आत्या बोलावली की ती विचारणार, 'नाव काय ठेवू?' आणि कुणाकडंच उत्तर नाही.

बरं, त्यानं भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्या नोंदींत जर एखादी लोणच्याची बरणी असली (भाषेत तिला यादी म्हणा), तर ती बरणी ठेवली जाते त्या आईच्या घरी. ठाणेकरीण समजते बरणी आपली. नाशिककरीण समजते आपली. ठाणेकरणीनं तीत चार फोडी मिरचीच्या टाकल्या, की नाशिकला जेवताना ठसका लागतो. हा ठसका मी कुठं कुठं ऐकलाय म्हणून सांगू! एका गिऱ्हाइकाच्या दुकानात एकाच्या पिशवीत टाकलेली साडी दुसऱ्याच्या पिशवीत दिसायची. तीन इंजिनिअर तीन दिवस डोकं धरून बसले होते. तिघांनाही वारसा येत होता. बरणी कुणाच्या घरी आहे, एवढंच येत नव्हतं.

शिवाय अशा मॅनेजरला विचारावं, 'बाबा रे, तुझं बारसं कुणी केलं?' तर तो आपली वही बघतो, वहीत नाही म्हणून आईला विचारतो, आणि आई आपल्या आत्याचं नाव सांगून मोकळी होते, 'एम्प्लॉयी.' मग राजपत्रात नाव दुरुस्त करून घेतात तशी आणखी एक ओळ लिहायची, की याचा कन्स्ट्रक्टर मॅनेजर समजावा. ही ओळ वर्षानुवर्षं लाखो लोकांनी गायत्री मंत्रासारखी म्हटली. अर्थ विचारू नये, फळ मिळतं.

प्रत्येक लायब्ररीनं मग आपापली पोथी काढली. 'प्रोटोटाइप' नावाच्याच लायब्ररीची एक, मूटूल्सची दुसरी, डोजोची तिसरी. कुणी म्हणे 'एक्स्टेंड', कुणी म्हणे 'इन्हेरिट्स', कुणी म्हणे 'डिक्लेअर'. लग्न एकच, पण गुरुजीगणिक मंगलाष्टकं वेगळी. २००९ साली कुठं 'ऑब्जेक्ट डॉट क्रिएट' नावाची सरळ सोय भाषेत आली. आई दाखवा, लेक घ्या. आत्या नको, कुर्रर्र नको. जी गोष्ट पहिल्या दिवशी द्यायची ती चौदा वर्षांनी दिली, आणि तोवर लोकांना गुरुजींची इतकी सवय लागली होती की नोंदणी पद्धतीचं लग्न कुणाला रुचेना.

आणि २०१५ साली आला क्लास. मराठी मध्यमवर्गाला क्लास म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढं येते: संध्याकाळी सहा ते आठ, फी आगाऊ. हा क्लासही त्यातलाच. याच्यात सोयी उत्तम आहेत, मी नाही म्हणत नाही. 'न्यू' विसरलात तर हा जागच्या जागी ओरडतो, आळीची अब्रू वाचते. आत्यांची व्यवस्था तर फारच नामी लावली आहे. 'एक्स्टेंड्स' लिहिलं की लेकींना आई मिळते तशी धाकट्या आत्यालाही थोरली आत्या मिळते, म्हणजे वंशावळी दोन. थोरलीला हाक मारायची ती 'सुपर' म्हणून, आणि तिनं बाळ हातात दिल्याशिवाय धाकटीनं 'धिस' म्हणून त्याला हात लावायचा नाही. लावला तर कार्यक्रम तिथंच बंद. धाकटी नेमलीच नसेल तर भाषा आपण होऊन एक नेमते, जी आलेली भेटवस्तू न उघडता थोरलीच्या हातात देते. हे सगळं चांगलं आहे. 'क्लास म्हणजे नुसती वरून पेरलेली साखर' असं नाक मुरडणाऱ्यांशीही माझं जमत नाही. जुन्या पद्धतीनं मूळ यादीची धड लेक करता येत नव्हती, ती यानं करता आली.

माझा आक्षेप पाटीवर आहे. आतलं घर तेच. आई तीच, फोन तोच, गुळाचे अनारसे तेच. दारावर मात्र पाटी लावली 'येथे साचे मिळतात.' आणि पाटी बघून आत शिरलेला पोरगा साचा शोधत फिरतो.

ज्यांना हे शब्दांचे खेळ वाटतात त्यांच्यासाठी २०१८ सालची गोष्ट. भाषेचे नियम ठरवणारी एक समिती आहे, टीसी-३९. तिनं ठरवलं, जगातल्या सगळ्या याद्यांची जी मूळ आई, तिला 'फ्लॅटन' नावाचा एक पदार्थ शिकवू या. यादीच्या पोटात याद्या असल्या तर सगळं लाटून एकच यादी करायची. निरुपद्रवी गोष्ट. पण फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातली आणि एक चालती वेबसाइट मोडली. कारण? दहा-बारा वर्षांपूर्वीच्या त्या मूटूल्सनं त्याच आईला त्याच नावाचा पदार्थ आपल्या पद्धतीनं शिकवून ठेवला होता, आणि नव्या शिकवणीनं त्या जुन्या घराची घडी विसकटली. मूटूल्स नवं कुणी वापरत नव्हतं, पण जुनी घरं उभी होती. बरीच वादावादी झाली. कुणीतरी थट्टेनं 'स्मूश' असं नाव सुचवलं, त्यावर लोक खरोखरच भांडले. शेवटी २०१९ साली पदार्थ आला तो 'फ्लॅट' या नावानं. साच्याच्या राज्यात हे होतं का? कुणा एका जुन्या घरानं आईला काहीतरी शिकवलं म्हणून साऱ्या जगाला शब्द बदलावा लागला. कारण आई एकच आहे, जिवंत आहे आणि तिचा फोन सगळ्यांकडं आहे.

यावर माझे एक मित्र नेहमी एक मुद्दा काढतात, आणि तो खरा आहे. म्हणतात, 'अहो, गुगलचं २००८ सालचं व्ही-८ इंजिन वेग यावा म्हणून आतल्या आत, गुपचूप, साचेच करतं की!' करतं. एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंचे छुपे वर्ग करून ठेवतं. ही युक्तीसुद्धा मूळची 'सेल्फ'वाल्यांचीच. पण ते इंजिनचं खासगी आहे. आचाऱ्यानं आत कोणत्या पळीनं वाढलं हे पंगतीला सांगायचं नसतं. मुलींना सांगायचं ते हे, की आई सांगेल तेच खरं.

आता मी इतका का तापलोय ते सांगतो. माझा पुतण्या. पोरगा हुशार, इंजिनिअर झालेला, एका कंपनीत मुलाखतीला गेला. (कंपनीचं नाव घेत नाही, तशा बऱ्याच आहेत.) समोरच्या साहेबांनी विचारलं, 'लेकीला आईकडचा कन्स्ट्रक्टर मिळतो का?' शब्द त्यांचे वेगळे होते, अर्थ हाच. पोरगा म्हणाला, 'मिळतो.' साहेब म्हणाले, 'चूक. मिळत नाही.' पोरानं क्लासच्या भाषेत सांगितलं होतं, तिथं न लिहिता एक आत्या नेमली जाते. साहेब जुन्या पोथीतून बोलत होते, तिथं आमंत्रणाशिवाय आत्या येत नाही. दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर. पोरानं धीर करून विचारलं, 'का मिळत नाही, सर?' साहेब म्हणाले, 'इट इज लाइक दॅट ओन्ली.' आणि मुलाखत संपली.

पोरगा घरी येऊन तोंड पाडून बसला. 'काका, मला बहुतेक या लाइनमध्ये डोकंच नाही.' आणि दुसऱ्या दिवशी त्यानं काय केलं असेल? क्लास लावला! तीन महिन्यांचा. तिथं त्याला मुलाखतीत येणारे प्रश्न उत्तरांसकट पाठ करून घेतात. तीनही महिने कुणी त्याला फोनची गोष्ट सांगितली नाही. माझा राग आहे तो यावर. दहा मिनिटांची गोष्ट वारशाच्या जरीच्या बासनात बांधायची, मग ती कळली नाही म्हणून पोराला मठ्ठ ठरवायचं, आणि मग त्याच पोराकडून फी घ्यायची.

एका रविवारी मी त्याला अनारशांची गोष्ट सांगितली. अगदी नल आणि आजीपर्यंत. मग पुस्तकातला धडा चौदावा पहिला आणि पहिला चौदावा करून, ऑब्जेक्ट डॉट क्रिएटपासून शिकवायला घेतलं. क्लास अगदी शेवटी. शेवटी बरणीचं कोडं घातलं: तीन लेकी, लोणचं घातलं ठाणेकरणीनं, ठसका लागला नाशिकला, तर झालं काय? पोरगा कागद घेऊन बाण काढायला लागला. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी संगणकाला फक्त फडकं मारण्यापुरता हात लावलेला आहे. लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या, 'त्यात एवढं काढायचं काय भावजी? बरणी आईकडं राहिली असणार. प्रत्येकीला वेगळी द्यायची होती.'